वाटेवरच्या पाट्या आणि त्यांचा वाचक

प्रवासात वाचावयाचे म्हणून जे पुस्तक आपण बरोबर घेतो ते बहुधा उशाखाली जाते आणि वाचली जातात ती खिडकीबाहेरची अक्षरे. स्टेशनांची नावे, अंतराचे दगड, मालमोटारींच्या पाठीवरील विनवण्या, धर्मशाळेतील निषेध, उपाहारगृहाच्या भिंतीवरील नियमावली, हे सारे एक स्वतंत्र वाङ्मयच आहे. ते कोणी विकत घेत नाही, त्याचे परीक्षण कोणत्या मासिकात येत नाही आणि त्याचे लेखक निनावीच राहतात; तथापि नित्य वाचनात येणारे वाङ्मय याहून दुसरे क्वचितच असेल. पाट्यांना हसणे हा आपल्या समाजाचा आवडता विरंगुळा आहे. पुण्याने तर त्या बाबतीत एवढा लौकिक मिळविला आहे की, तेथील सदाशिव पेठेत साधी सूचना लिहिली तरी वाचणारा आधी हसून घेतो व मग तिचा अर्थ पाहतो.

या हसण्यास आमचा विरोध नाही. आम्ही स्वतः त्यात सामील आहोत. परंतु हसता हसता एक गोष्ट निसटून जाते, ती ही की, पाटी हाही इतिहासाचा कागदच आहे. जुन्या कागदास इतिहास-संशोधक जे प्रश्न विचारतो तेच पाटीलाही विचारता येतात. ती कोणी लावली? केव्हा लावली? आणि ती कोण वाचील अशी लावणाऱ्याची अपेक्षा होती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा पाटीवरच सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र शोधून काढावे लागते आणि आमच्या मते पाटीतील गंमत व तिचा अर्थ ही दोन्ही तेथेच दडलेली असतात. हे दाखविण्यासाठी आम्ही पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीचा मुलूख निवडला आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. म्हणजे येथील कचेऱ्यांवरील पाट्यांचा रंग अजून फारसा जुना झालेला नाही. त्या मुलखातील वाटेवरची अक्षरे मात्र पुष्कळ मागे नेणारी आहेत.

प्रारंभ स्टेशनापासूनच करू. मुंबईहून उत्तरेस निघालेली गाडी पालघर, बोईसर, वाणगाव ही स्टेशने मागे टाकून जेथे येते तेथे फलकावर 'डहाणू रोड' असे लिहिलेले आहे. या नावाचा सरळ अर्थ असा की, हे डहाणू नव्हे. डहाणूस जाण्याचा रस्ता येथून निघतो. याच मार्गावर केळवे रोड आहे, बोर्डी रोड आहे, उंबरगाव रोड आहे. वसईचे स्टेशनही असेच 'रोड' आहे. या नावांचा उगम रेल्वेच्या आखणीत आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे १८६४ मध्ये मुंबईस येऊन पोहोचली. जुनी बंदरे खाड्यांच्या मुखाशी वसलेली, आणि लोखंडी रस्त्यास तर खाडी जितकी अरुंद तितकी बरी; म्हणून रूळ किनाऱ्यापासून आत सरकून गेले आणि गावे समुद्राकाठी राहिली. गलबतांच्या काळात ज्या गावांच्या दारी व्यापार येत असे त्यांना आता व्यापार गाठण्यासाठी बैलगाडी जुंपणे भाग पडले. 'रोड' हा एवढासा शब्द म्हणजे बंदरांच्या उतरत्या काळाची नोंद आहे. रेल्वेने मात्र प्रामाणिकपणा राखला. उतारूस गावी पोहोचविल्याचा आव तिने आणला नाही. उरलेली वाट तुमची तुम्ही चाला, असे नावातच सांगून टाकले.

पुढे काळाने या नावाची जी थट्टा केली ती रेल्वेच्या अधिकाऱ्यांना सुचली नसती. स्टेशनाभोवती वखारी आल्या, पेढ्या आल्या, चिकूच्या पेट्या आल्या आणि रस्त्याचेच गाव झाले. जवळच्या मसोलीचे उदाहरण घ्या. हे नाव ऐकताच कोणाही मराठी माणसाला मासोळी आठवावी इतके ते समुद्राच्या जवळचे आहे. परंतु मसोलीतील दुकानाच्या फळीवर किंवा तेथे येणाऱ्या पाकिटावर पाहावे तर 'मसोली, डहाणू रोड' असा पत्ता आढळतो. मसोली हे खरे गाव, आणि 'डहाणू रोड' ही दुसऱ्या एका गावाकडे जाण्याची नुसती दिशा. पण पत्त्यात दिशा गाव होऊन बसली आहे आणि गाव तिच्या आश्रयास गेले आहे. व्याकरणदृष्ट्या पाहिल्यास मसोलीकर रस्त्यावरच राहतात असा अर्थ होईल! कोणास त्यात काही वावगे वाटत नाही, कारण वापराने शब्दाचा मूळ अर्थ पार पुसून टाकला आहे.

याहून मौजेची गोष्ट या मार्गाच्या दुसऱ्या टोकास आहे. एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागली आणि काही गाड्या थेट चर्चगेटपर्यंत जातात. चर्चगेट म्हणजे चर्चकडे नेणारा दरवाजा. मुंबईच्या कोटाला जे तीन दरवाजे होते त्यांपैकी सेंट टॉमस चर्चच्या दिशेचा हा एक. कोटाच्या भिंती १८६० नंतरच्या काही वर्षांत गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या अमदानीत पाडण्यात आल्या व त्यांबरोबर दरवाजाही गेला. चर्च अद्याप उभे आहे, पण ते स्टेशनाजवळ नाही. तेव्हा डहाणू रोडहून चर्चगेटला निघालेला उतारू ज्या ठिकाणाहून निघतो तेथे डहाणू नसते आणि ज्या ठिकाणी पोहोचतो तेथे दरवाजा नसतो. तरीही तो नेमक्या वेळी नेमक्या जागी पोहोचतो. ही पाट्या वाचण्याची पहिली शिकवण समजावी: वस्तू नाहीशी होते, नाव उरते, आणि माणसे नावाच्याच आधारे चालतात.

नावांनंतर अंतरे. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळ्या दगडाचे मैलदर्शक उभारले गेले. त्यांवर याच सेंट टॉमस चर्चपासूनचे अंतर इंग्रजीत आणि रोमन अंकांत कोरलेले असे. त्यांपैकी कित्येक पुढे पदपथाखाली गाडले गेले आणि अलीकडे उकरून काढून पुन्हा उभे करण्यात आले आहेत. त्या दगडांशी क्षणभर थांबावे. परळच्या किंवा शीवच्या वाटेवरून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या माळ्यास ते रोमन अंक वाचता येत नव्हते. आणि आले असते तरी चर्चपासूनचे अंतर घेऊन तो काय करणार? त्यास बाजाराचे अंतर हवे. दगड रस्त्यावर सर्वांसाठी उभा होता, पण बोलत होता तो फक्त घोडागाडीतील साहेबाशी. कोणत्या जागेपासून अंतर मोजावयाचे हे ठरविणाऱ्याच्या हाती सत्ता असते, हे त्या काळ्या दगडाने जितके स्पष्ट सांगितले तितके पुष्कळ ग्रंथांनीही सांगितलेले नाही.

पुढे स्वराज्य आले, १९५६ च्या कायद्याने वजने व मापे दशमान झाली, आणि यथावकाश मैलाच्या दगडावर किलोमीटर आले. भाषेने मात्र हा कायदा मानलेला नाही. कोणा थोर पुरुषाचे कार्य हा त्या क्षेत्रातील किलोमीटरचा दगड आहे, असे सत्काराच्या सभेत अजून कोणी म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. डहाणू व तलासरी तालुक्यांतून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाचेही तसेच झाले. सरकारने त्याचा आठ हा क्रमांक काढून त्यास अठ्ठेचाळीस केले. पण जुने वाहनचालक त्यास आठ नंबरच म्हणतात. त्याच रस्त्याने धावणाऱ्या मालमोटारींच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' हा मंत्र पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेला होता. त्यामुळे विनाकारण भोंगे वाजविण्यास उत्तेजन मिळते म्हणून ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने त्यास बंदी केली. मधल्या 'ओके'चा अर्थ काय यावर विद्वानांत एकमत नाही. वाहनचालकांस मात्र तो अर्थ कधी अडला नाही.

आता रस्त्यावरून थोडे मागे, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षे मागे जाऊ. कारण या मुलखाविषयीची एक अतिशय जुनी पाटी आजही वाचता येते. ती डहाणूस नाही, नाशिकास आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे. त्यात त्याने केलेल्या दानांची मोठी यादी असून, इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्याने पुण्यार्थ नावा ठेवल्या, म्हणजे उतारूंस फुकट पैलतीरी नेण्याची सोय केली, असे सांगितले आहे. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहानुका म्हणजे आपल्या डहाणूचीच खाडी, असे विद्वान मानतात. नद्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतीच्या जागा व पाणपोयाही त्याने बांधल्या होत्या. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या काळात डहाणूच्या खाडीवर नाव फुकट मिळत होती, ही वार्ता ऐकून, त्याच तालुक्यातील चारोटीच्या नाक्यावर पथकराचे पैसे मोजणाऱ्या आजच्या प्रवाशाने एक सुस्कारा टाकल्यास त्यास दोष देता येणार नाही. अर्थात त्या काळीही सर्वत्र फुकट नव्हते. जुन्नरच्या नाणेघाटात तोंडाशी जो दगडी रांजण आहे तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरा आहे.

परंतु उषवदाताच्या लेखास आमचा तिसरा प्रश्न विचारला म्हणजे निराळेच काही दिसू लागते. ही पाटी कोणासाठी होती? डहाणूची खाडी ओलांडणाऱ्या माणसाने ती वाचावी असा हेतू असता तर ती खाडीच्या काठी लागली असती. ती लागली सह्याद्रीपलीकडे, भिक्षूंच्या निवासावर, मोठ्या ठसठशीत अक्षरांत. तेव्हा ती उतारूसाठी नव्हती, दात्याच्या पुण्यासाठी व कीर्तीसाठी होती. ज्या नावाड्याने वल्हे मारले व ज्या गरिबाने ती नाव वापरली त्या दोघांनाही आपण शिलालेखात गेलो याचा पत्ता नसावा. या जातीच्या पाट्या आजही आपल्या परिचयाच्या आहेत. पाणपोईत पाणी असो वा नसो, ती कोणाच्या शुभहस्ते खुली झाली व त्या प्रसंगी कोणाची उपस्थिती होती हे संगमरवरावर सविस्तर वाचावयास मिळते. उषवदाताच्या बाजूने एवढे तरी म्हणता येईल की, त्याच्या नावा खरोखर चालत असाव्यात.

याच्या अगदी उलट जातीची पाटी शिलाहार राजांच्या काळी कोकणात दिसते. तीस आपण गद्धेगाळ म्हणतो. देवळास किंवा ब्राह्मणास दिलेल्या जमिनीचे दानपत्र दगडावर कोरावयाचे, वर चंद्रसूर्य काढावयाचे आणि खाली, हे दान जो मोडील त्यास गाढवाच्या संबंधाने अशी एक शिवी लिहावयाची की ती या मासिकात छापता येणार नाही; आणि कोणाचा गैरसमज राहू नये म्हणून तिचे चित्रही कोरावयाचे! मुंबईत परळ येथे सापडलेला अपरादित्य शिलाहाराचा बाराव्या शतकाच्या अखेरचा लेख या दृष्टीने फार बोधप्रद आहे. त्यातील दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शेवटची शिवी मराठीत! दान हे देवाने, राजाने व पंडितांनी वाचावयाचे, म्हणून ते देववाणीत. दान मोडणारा मात्र आसपासचाच कोणी असणार. त्यास संस्कृत कळेल याचा भरवसा काय? म्हणून धाक त्याच्या बोलीत. आणि ज्यास तेही वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र. एकाच दगडावर तीन वाचक मनात धरून तीन भाषांची योजना करणारा हा सूचनाकार मोठा व्यवहारज्ञ होता यात शंका नाही. मराठीच्या अभिमान्यांनी क्षणभर खिन्न व्हावे किंवा हसावे. आम्ही दुसरा मार्ग पत्करतो. मायबोलीची गणना तेव्हापासूनच, जी निश्चित समजते अशा भाषेत होत होती, हा काही लहान सन्मान नव्हे.

गावोगावच्या भिंतींवर 'येथे गाढव लघवी करते' अशी जी सूचना आपण वाचतो तिच्यातील गाढव हे त्याच गाढवाचे वंशज असावे, असे आम्हांस राहून राहून वाटते. नुसत्या 'मनाई आहे' या शब्दांनी आपला समाज ऐकत नाही. त्यास लाजविले तरच तो ऐकतो, हे मर्म शिलाहारांपासून आजच्या घरमालकापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट यातून निघते. जेथे कोणी थुंकत नाही तेथे 'थुंकू नये' असे लिहिण्याची गरज पडत नाही. प्रत्येक निषेधाची पाटी ही त्या जागी घडत असलेल्या गोष्टीची साक्ष होय. पुढील काळच्या इतिहासकाराने आमच्या सूचना वाचून आम्ही फार शिस्तीचे लोक होतो असे अनुमान काढू नये, म्हणून हे नमूद करून ठेवतो.

पाटीची भाषा हा प्रश्न या मुलखात केवळ गमतीचा नाही. १ मे १९६० रोजी द्वैभाषिकाचे दोन तुकडे झाले तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात उरलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. डहाणू रोड आणि उंबरगाव रोड यांच्या मध्ये घोलवड व बोर्डी रोड एवढी दोनच स्टेशने. पण तेवढ्यात फलकावरील मराठी जाते व गुजराती येते. लोकांच्या घरातील बोली अशी एका स्टेशनावर उतरून दुसरीत चढत नाही. ती हळूहळू बदलते; मासळीबाजारात एक, पेढीवर दुसरी, लग्नघरात तिसरी. डहाणूच्या फलकावर तर आणखी एक मौज आहे. नाव मराठीत, हिंदीत व इंग्रजीत लिहावयाचे. पण पहिल्या दोहोंची लिपी एकच, त्यामुळे अशा कित्येक स्टेशनांवर एकच नाव एकाच लिपीत दोनदा वाचावयास मिळते. इतिहासाच्या ज्ञानावाचून ते पाहणाऱ्या परदेशस्थास रंगाऱ्याच्या विसराळूपणाचीच शंका यावी. १९६० च्या पूर्वीचे वाद ज्यास ठाऊक आहेत तो मात्र त्या द्विरुक्तीस हसणार नाही. तीत दोन भाषांचे दोन स्वतंत्र हक्क नोंदलेले आहेत. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सर्व दुकानांवर मराठी पाटी व तीही इतर लिपीहून लहान नसलेल्या अक्षरांत हवी असा नियम झाला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांस त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हाही प्रश्न हाच होता: दुकानदार आपला गिऱ्हाईक कोणास समजतो?

येथवर आपण ज्या पाट्या पाहिल्या त्या सर्वांचा वाचक कोणी ना कोणी साक्षर होता; एका गद्धेगाळाचाच काय तो अपवाद. परंतु डहाणू-तलासरीचे मूळ रहिवासी जे वारली त्यांचे काय? त्यांच्याही वाटेवर खुणा होत्या. गावाच्या शिवेवर वाघदेव असे. लाकडावर किंवा दगडावर वाघ, आणि त्याच्याबरोबर चंद्र व सूर्य. गद्धेगाळावर असतात तेच चंद्रसूर्य! एका दगडावर ते राजाच्या दानाची मुदत सांगतात, दुसऱ्यावर रानातील माणूस व वाघ यांच्यामधील कराराची. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. तेथे 'काढणे' म्हणत नाहीत, 'लिहिणे' म्हणतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे या लोकांना लेखन नव्हते असे म्हणता येणार नाही. सावकाराचे लेखन तेवढे त्यांस येत नव्हते, आणि त्यांचे सारे आयुष्य बांधले गेले ते त्याच लेखनाने. कागदावर काय आहे हे न कळता अंगठा उठे आणि मग वेठ सुरू होई. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको मालकाकडे राबत; त्यांस लग्नगडी असे नाव होते. ज्यास वाचता येत नाही त्यास कागद ही भिंतच असते, आणि त्या भिंतीवर आपल्याविषयी काय लिहिले आहे हे त्यास इतरांकडून ऐकावे लागते.

१९४५ साली हे बदलू लागले. त्या वर्षाच्या आरंभी टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली. पुढे मे महिन्यात उंबरगावाजवळील झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठ नाकारली. या चळवळीची पाटी म्हणजे लाल बावटा. त्यावर वाचावे लागेल असे काही नव्हते, म्हणूनच ती सर्वांस वाचता आली. परंतु अक्षर नसलेल्या समाजास किती सहज फसविता येते याचाही प्रत्यय त्याच वर्षी आला. ऑक्टोबरात तलवाडा येथे सभा आहे अशी खोटी वार्ता पसरली, हजारो वारली तेथे जमले, आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. तोंडी निरोपावर सही नसते आणि तो कोणी धाडला हे मागाहून विचारता येत नाही. छापील सूचनेस आपण हसतो खरे. पण ती लावणाऱ्यास जाब विचारता येतो, हा तिचा केवढा गुण आहे ते तलवाड्यास कळते.

आणि त्याच १९४५ साली, त्याच डहाणू तालुक्यात, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, असे दिसून आल्यावर या बायांनी शाळाच कुरणात नेली व तीस कुरणशाळा म्हटले. बहुतेक पाट्या वाचकाने आपल्यापाशी यावे म्हणून एका जागी उभ्या असतात. ही शाळा वाचकाच्या मागे गुरांमधून हिंडली. झरीची सभा आणि बोर्डीची बालवाडी यांचे मार्ग निराळे व त्यांची मतेही निराळी. परंतु दोन्हींचा रोख एकाच ठिकाणी होता. ज्यास आजवर कोणी वाचक म्हणून मोजलेच नव्हते त्यास त्यांनी मोजावयास लावले.

वारल्यांचे पांढरे लेखन आज फार दूर पोहोचले आहे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्रिकोणी अंगाची ती माणसे आता कचेऱ्यांच्या आवारभिंतींवर, उपाहारगृहांत व पेल्यांवर फेर धरून नाचतात. शहरातील प्रवासी त्यांकडे शोभा म्हणून पाहतो. त्यांतील लग्न, पीक, देव वाचीत नाही. येथे चक्र उलटे फिरले आहे. वारल्यांची मुले आता आपल्या पाट्या वाचतात, आणि त्यांनी लिहिलेल्या भिंतीसमोर निरक्षर ठरतो तो आम्ही.

असो. पाट्यांचा विषय लांबवावा तितका लांबेल, कारण रस्ता संपत नाही. वाचकांस आमची विनंती इतकीच आहे की, पुढच्या प्रवासात एखाद्या पाटीस मनमुराद हसून झाल्यावर, ती कोणासाठी लिहिली आहे आणि त्याच जागेवरून जाणाऱ्यांपैकी कोणासाठी लिहिलेली नाही, हे एकदा पाहावे. तेवढ्यासाठी कोणतेही पुस्तक बरोबर न्यावे लागत नाही. खिडकीपाशी जागा मिळाली की पुरे.